४९० म्हणजे पुणे की नवसारी?

२५, ५२१ आणि ४९०. हे तिन्ही आकडे आपल्या पुणे जिल्ह्याचे आहेत. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातले जिल्हे नंदुरबारला ०१ धरून मोजत आणले, तेव्हा पुण्याच्या वाट्याला २५ आला. २०११ ला क्रमांक राज्यापुरते न ठेवता देशभर सलग दिले गेले. देशात तेव्हा ६४० जिल्हे होते आणि त्या रांगेत पुण्याचा नंबर लागला ५२१. केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयानं स्थानिक संस्थांची जी निर्देशिका ठेवली आहे, सरकारी कचेऱ्यांत जिला सगळे ‘एलजीडी’ म्हणतात, तिच्यात महाराष्ट्राचे जिल्हे त्या वेळच्या नावांच्या इंग्रजी वर्णक्रमानं लावले गेले. अहमदनगर ४६६, अकोला ४६७, अमरावती ४६८ असं पुढं सरकत पुणे येतं ४९० वर.

मुळशी तालुक्यातली एकच शाळा घ्या. तिचा अकरा आकडी यूडायस कोड २७२५ नं सुरू होतो. २७ म्हणजे महाराष्ट्र, २५ म्हणजे पुणे. २००१ चा तो जुना क्रमांक शाळांच्या दप्तरात अजून जिवंत आहे. त्याच शाळेच्या गावाची लोकसंख्या पाहायला २०११ ची जनगणना उघडली की जिल्हा ५२१ होतो आणि ग्रामपंचायतीची माहिती एलजीडीप्रमाणे काढली की ४९०. राज्याचा २७ मात्र सगळीकडे तोच. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडेही महाराष्ट्रासाठी २७ च. या सारखेपणानंच माणूस गाफील राहतो. राज्य जुळलं म्हणजे जिल्हाही जुळणार, असं तो धरून चालतो.

आता खरी गोम. २०११ च्या जनगणनेच्या यादीत ४९० या क्रमांकावर गुजरातमधला नवसारी जिल्हा आहे. ४९७ हा एलजीडीत ठाणे, तर जनगणनेत नंदुरबार. ४९८ एकीकडे वर्धा, दुसरीकडे धुळे. ५०० एकीकडे यवतमाळ, दुसरीकडे बुलढाणा. एलजीडीचे कोड असलेल्या तक्त्याला कुणी चुकून जनगणनेची नावं जोडली, तर पौड, पिरंगुट, घोटावडे, कोळवण ही मुळशीतली सगळी गावं नवसारी जिल्ह्यात जाऊन बसतात. संगणक काहीच तक्रार करत नाही. कोड सापडला, नाव मिळालं, त्याचं काम झालं. पडद्यावर एक स्वच्छ, रंगीत तक्ता उभा राहतो आणि तो पूर्ण चुकीचा असतो.

आकड्याच्या कोडला माणसाला वाचता येईल असं नाव देणं, हे या सगळ्यातलं मुख्य काम. रिपोर्ट बनवणारे लोक याला लेबल लावणं म्हणतात आणि बहुतेक ठिकाणी हे काम सगळ्यात शेवटी, घाईघाईनं उरकलं जातं. मला वाटतं ते सगळ्यात आधी आणि सगळ्यात सावधपणे करायला हवं. रिपोर्ट वाचणारा माणूस आकडेमोड तपासत नाही. तो नाव वाचतो आणि त्या नावावर विश्वास ठेवून पुढचा निर्णय घेतो.

पुणे जिल्ह्यातल्याच एका बैठकीत मी बसलो होतो. भिंतीवर प्रोजेक्टरचा उजेड, समोर सरपंच, ग्रामपंचायतींचे सदस्य, काही शिक्षक. शाळांमधल्या पाण्याच्या सोयीचा डॅशबोर्ड दाखवत होते. डावीकडे गावांची रांग होती, पण गावांच्या जागी सहा आकडी कोड होते. एक वयस्कर सदस्य उठून पडद्याजवळ गेले, बोटानं ओळी खालीवर चाचपल्या आणि म्हणाले, “साहेब, ह्यात आमचं गाव कंचं?” लॅपटॉपवर बसलेल्या मुलानं दुसरी फाइल उघडली, शोधलं, पुन्हा शोधलं. तोवर बैठक पुढच्या विषयावर गेली होती. त्या आजोबांच्या गावच्या शाळेची ओळ पडद्यावर होतीच. तिच्यापुढचा आकडाही बरोबर होता. फक्त ती ओळ त्यांची आहे, हे त्यांना कळायला मार्ग नव्हता.

मग कोड हवेतच कशाला, सरळ नावंच लिहावीत, असं कुणालाही वाटेल. मुळशीत राहून हे म्हणणं अवघड आहे. आयटी पार्कमुळं जगभर पोचलेलं गाव हिंजवडी. त्याला कुणी हिंजेवाडी लिहितं, कुणी हिंजवाडी, आणि रोमन लिपीत तर पाट्यापाट्यांवर वेगळं. संगणकाच्या दृष्टीनं ही तीन वेगळी गावं झाली. तालुक्यात माण नावाचं गाव आहे, हिंजवडीला लागूनच. सातारा जिल्ह्यात माण नावाचा अख्खा तालुका आहे. मुळशीत नांदे आहे, सिंहगड रस्त्याला नांदेड आहे आणि मराठवाड्यात नांदेड जिल्हा आहे. बावधन खुर्द आणि बावधन बुद्रुक ही दोन वेगळी गावं, पण बोलताना दोन्हींचं नुसतं बावधन होतं. खुर्द म्हणजे धाकटं आणि बुद्रुक म्हणजे थोरलं. फारसीतून आलेले हे शब्द म्हणजे एका अर्थी आपल्या पूर्वजांनी गावांना लावलेली लेबलंच. सारख्या नावाच्या दोन वस्त्यांचा सारा गोळा होताना घोळ होऊ नये, एवढी त्यांनाही काळजी होती.

जिल्ह्यांच्या पातळीवरही हेच. २०११ च्या जनगणनेच्या इंग्रजी यादीत आपला रायगड आणि छत्तीसगडचा रायगढ हुबेहूब एकाच स्पेलिंगनं छापलेले आहेत. औरंगाबाद नावाचा जिल्हा बिहारमध्येही आहे. नुसत्या नावावर भिस्त ठेवली तर अलिबागचा आकडा छत्तीसगडच्या खात्यावर पडतो.

शिवाय नावं बदलतात. अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबादचं धाराशिव. मुळशीच्या शेजारच्या वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव मिळालं. नाव बदललं म्हणून तिथली माणसं, शेतं, शाळा बदलत नाहीत आणि मागच्या पंधरा वर्षांची आकडेवारी तुटता कामा नये. इथं कोड उपयोगी पडतो. कोड जागचा हलत नाही, त्याच्यापुढचं नाव तेवढं एका ठिकाणी बदलायचं, की जुने-नवे सगळे रिपोर्ट नवं नाव दाखवू लागतात.

कोडची ही सवय संगणकाच्याही आधीची आहे. अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत हर्मन हॉलरिथनं छिद्रांची कार्डं वापरली. कार्डावर कुठल्या जागी छिद्र पडलं आहे, यावरून माणसाचं वय, लिंग, जन्मस्थान यंत्राला मोजता यायचं. छिद्राला शब्द कळत नाहीत, त्यामुळं कोणत्या छिद्राचा काय अर्थ, हे वेगळ्या कागदावर लिहून ठेवावं लागे. तो वेगळा कागद म्हणजे आजची कोड-यादी. पुढं समाजशास्त्राच्या अभ्यासकांसाठी १९६८ मध्ये एसपीएसएस हे सॉफ्टवेअर आलं. आकड्यांना शब्दांची लेबलं डकवायची त्यातली सोय आजही तशीच वापरतात. आज कंपन्या आणि सरकारी खाती पॉवर बीआय, टॅब्लो, क्लिक अशा सॉफ्टवेअरमध्ये डॅशबोर्ड बनवतात. या जातीला ‘बिझनेस इंटेलिजन्स’ असं भारदस्त नाव आहे आणि आयबीएमच्या हान्स पीटर लून यांनी १९५८ सालीच एका लेखात ते वापरलं होतं. आत शिरून पाहिलं तर काम तेच. एका बाजूला कोडांनी भरलेला मोठा तक्ता, दुसऱ्या बाजूला कोड आणि नाव यांची छोटी यादी, आणि दोघांना जोडणारा दुवा.

आपण हे एकदा हातानं करून पाहू. समजा, मुळशीतल्या शाळांच्या पाण्याची पाहणी करायची आहे. गुरुजी प्रत्येक शाळेसाठी एक आकडा भरतात. १ म्हणजे नळ, २ म्हणजे विहीर, ३ म्हणजे बोअर, ४ म्हणजे झरा, आणि माहिती मिळाली नाही तर ९. फाइल सॉफ्टवेअरमध्ये ओढली की पहिली गोष्ट काय होते? त्या खान्यात आकडे दिसले म्हणून सॉफ्टवेअर ते मोजायचे आकडे समजतं. पॉवर बीआयमध्ये खान्याच्या नावाशेजारी बेरजेचं चिन्ह उमटतं. टॅब्लो तो खाना मापांच्या बाजूला टाकतं. तुम्ही तो खाना ओढून तक्त्यावर सोडला की उत्तर येतं, पाण्याची सोय २१४. सरासरी मागितली तर २.३. नळ आणि विहीर यांची बेरीज करून कधी बोअर झालेला आहे का? ९ ला तर काहीच अर्थ नाही, तो फक्त ‘माहीत नाही’ असं सांगतो, पण बेरजेत तोच सगळ्यात जड पडतो. ज्या शाळांनी उत्तरच दिलं नाही, त्यांच्यामुळं सरासरी वर चढते. म्हणून पहिलं काम हे, की या खान्याची बेरीज करायची नाही, हे नाव आहे, असं सॉफ्टवेअरला बजावून सांगायचं. पिनकोडची बेरीज आपण करत नाही, तसंच हे.

पिनकोडचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगून टाकतो. १५ ऑगस्ट १९७२ ला देशात सुरू झालेली ही पद्धत बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ, संस्कृतचे कवी. पौडचा पिन ४१२१०८, हिंजवडीचा ४११०५७. तालुका एकच, पण पिन वेगळ्या घराण्यातले, कारण पिन ही टपाल वाटण्याची व्यवस्था आहे, तालुक्याची हद्द तिला ठाऊक नाही. ग्राहकांच्या पत्त्यातला पिन पाहून ‘मुळशी’ असं लेबल लावणारे रिपोर्ट मी पाहिले आहेत. तसं करू नये.

आता दुसरं काम, म्हणजे छोटी यादी करणं. दोन खाने, कोड आणि नाव. पाच ओळी. ही यादी वेगळी ठेवायची आणि मोठ्या तक्त्याला जोडायची. टॅब्लोत खान्यावर उजवं क्लिक करून प्रत्येक आकड्याला थेट टोपणनावही देता येतं. ते झटपट होतं, पण बहुधा त्या एका फाइलपुरतंच राहतं. शेजारच्या टेबलावरची सहकारी तीच आकडेवारी घेऊन नवी फाइल उघडते, तेव्हा तिला पुन्हा १, २, ३ दिसतात. मग ती स्वतःच्या समजुतीनं नावं देते. तुमच्याकडं ३ म्हणजे ‘बोअर’, तिच्याकडं ३ म्हणजे ‘हातपंप’. महिन्याभरानं दोन रिपोर्ट एकाच बैठकीत भेटतात आणि भांडतात. यादी एकच आणि सगळ्यांची असावी.

जोडण्याचं काम एक्सेलमध्ये करणारे ‘व्हीलूकअप मारतात’. यात एक खड्डा आहे, त्यात पुष्कळ जण पडले आहेत. व्हीलूकअपच्या शेवटच्या जागी ‘तंतोतंत जुळव’ असं सांगायचं राहिलं, तर एक्सेल जवळपासचं धरून चालतं. यादीत ४ नंबर टाकायचा राहून गेला, तर झऱ्याचं पाणी पिणाऱ्या शाळेला ते ३ चं नाव देऊन मोकळं होतं. डोंगरातल्या वस्तीच्या शाळेपुढं ‘बोअर’ असं छापून येतं. वाचणाऱ्या अधिकाऱ्याला वाटतं, चला, या शाळेचा प्रश्न सुटलेला आहे.

सुरुवातीचं शून्य हा आणखी एक चोर. नंदुरबारचा ०१ एक्सेलमध्ये उघडला की १ होतो. पुण्याचा टेलिफोनचा ०२० चा २० होतो. मग एका तक्त्यात ०१ आणि दुसऱ्यात १, दोघांची गाठ पडत नाही. कोड हा मजकूर आहे, संख्या नाही, हे फाइल उघडतानाच ठरवावं लागतं. एकदा गळलेलं शून्य नंतर शोधून परत आणणं फार जिकिरीचं.

पण मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती गळलेल्या ओळींची. मोठा तक्ता आणि यादी जोडताना दोन पर्याय असतात. ज्यांचं नाव सापडलं तेवढ्याच ओळी ठेवायच्या, किंवा सगळ्या ओळी ठेवून न सापडलेल्यांपुढं जागा रिकामी सोडायची. पहिला पर्याय दिसायला सुबक असतो, त्यात रिकामं काही दिसत नाही. आता पालघरचा विचार करा. हा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला. एलजीडीत त्याला ६६५ मिळाला, कारण ४६६ ते ५०० या रांगेत जागाच उरली नव्हती. नावांची यादी ३५ जिल्ह्यांची जुनी असेल आणि पहिला पर्याय निवडलेला असेल, तर पालघरच्या सगळ्या ओळी गुपचूप गळून पडतात. जव्हार, मोखाडा, डहाणू, तलासरी. राज्याच्या एकूण बेरजेतून एक अख्खा आदिवासी जिल्हा नाहीसा होतो आणि कुठंही लाल खूण उमटत नाही. म्हणून माझा आग्रह असतो की सगळ्या ओळी ठेवाव्यात आणि यादीत एक ओळ मुद्दाम घालावी: ‘कोड सापडला नाही’. ती ओळ रिपोर्टात डोळ्यांना खुपेल. खुपू द्यावी. ती दिसली की कुणीतरी विचारेल.

काळ बदलला की कोडचा अर्थही बदलतो, ही गोष्ट अलीकडं साऱ्या देशाला अनुभवायला मिळाली. मराठी माणसाला ३०२ चा अर्थ सांगावा लागत नाही. तीनशे दोन म्हणजे खून. १ जुलै २०२४ ला भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. तिच्यात खुनाची शिक्षा कलम १०३ मध्ये आहे. ३०२ हे कलम नव्या संहितेतही आहे, पण ते धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूनं काढलेल्या शब्दांबद्दलचं आहे. आता गुन्ह्यांचा एखादा तक्ता असा असेल की त्यात नुसता ३०२ लिहिलेला आहे, आणि नावांच्या यादीतही ३०२ पुढं एकच नाव आहे. मग जुलै २०२४ नंतरची शाब्दिक भांडणं खून म्हणून मोजली जातील, किंवा यादी नवी असेल तर त्याआधीचे सारे खून शब्दांचे गुन्हे होऊन बसतील. यावर उपाय एकच. नावांच्या यादीत कोडसोबत कायद्याचं नाव आणि ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत’ असे खानेही ठेवायचे. राल्फ किंबल या अमेरिकन तज्ज्ञानं १९९६ मध्ये डेटा वेअरहाउसवर लिहिलेल्या पुस्तकात अशा सावकाश बदलणाऱ्या याद्या कशा सांभाळायच्या, याच्या रीती सांगितल्या आहेत आणि त्या आजही जगभर पाळल्या जातात. गूढ कोड आणि संक्षेप वाचकापुढं टाकू नका, पूर्ण शब्द द्या, असाही त्याचा आग्रह होता.

मुळशीकरांना तारखांच्या खान्यांची गरज समजावून सांगावी लागू नये. सूस, म्हाळुंगे, बावधन बुद्रुक ही मुळशीतली गावं २०२१ मध्ये पुणे महापालिकेत गेली. २०१९ चा रिपोर्ट काढला तर सूस ग्रामपंचायत दिसली पाहिजे. २०२२ चा काढला तर तीच वस्ती महापालिकेत मोजली गेली पाहिजे. यादीत जुनं नाव खोडून नवं लिहिलं, तर २०१९ मध्येही सूसला महापालिकेचं पाणी होतं असं दिसेल. जुनं न खोडता नुसतं नवं जोडलं, तर एकच वस्ती दोनदा मोजली जाईल. दोन ओळी, दोन्हींवर तारखा, हाच सरळ मार्ग. गावकीच्या भाषेत सांगायचं तर हा फेरफार आहे आणि फेरफाराची नोंद जुन्या नोंदीवर रेघ ओढून होत नाही, क्रमांक आणि तारीख घालून होते.

आता नाव मराठीत लिहायचं म्हटल्यावर काय होतं ते पाहा. ताम्हिणी घाटातला पाऊस म्हणजे जिल्ह्यातला धो धो पाऊस. त्याचा पावसाळ्यातल्या महिन्यांचा तक्ता काढला, महिन्यांच्या कोडना मराठी नावं दिली आणि रांग लावायचं काम सॉफ्टवेअरवर सोडलं. ते वर्णक्रमानं लावतं. ऑक्टोबर पहिला, मग ऑगस्ट, मग जुलै, मग जून आणि शेवटी सप्टेंबर. जुलै जूनच्या आधी का, तर ऱ्हस्व उकार दीर्घ ऊकाराच्या आधी येतो म्हणून. व्याकरण बरोबर, पावसाळा मात्र उलटा. म्हणून नाव दाखवायचं, पण रांग कोडच्या क्रमानं लावायची, असं वेगळं सांगावं लागतं. पॉवर बीआयमध्ये त्यासाठी दुसऱ्या खान्यानुसार क्रम लावायची आज्ञा आहे. क्लिकमध्ये तर एकाच जागी आकडा आणि शब्द दोन्ही ठेवता येतात. दिसायला शब्द, रांगेला आकडा. नाव आलं म्हणून कोड फेकून देऊ नये, तो मागं उभा राहून काम करत असतो.

मराठी नावांची दुसरी अडचण डोळ्यांना दिसतच नाही. संगणकासाठी प्रत्येक अक्षरही एक कोडच आहे. युनिकोडमध्ये क चा क्रमांक २३२५. पौड हे दोन अक्षरी नाव आत २३४६, २३८०, २३३७ असं तीन आकड्यांत साठवलेलं असतं: प, औ ची मात्रा, ड. कुणी नावाच्या शेवटी एक मोकळी जागा सोडली, की संगणकाला ते वेगळं गाव वाटतं. जुन्या फाइली तर श्रीलिपीसारख्या त्या काळच्या फाँटमध्ये असतात. त्या युनिकोडमध्ये न बदलता उघडल्या की गावांच्या नावांच्या जागी रोमन अक्षरांचा चिवडा दिसतो. ज्या पुण्यात सी-डॅकसारख्या संस्थेनं भारतीय लिप्या संगणकावर आणण्यासाठी वर्षानुवर्षं खपून काम केलं, त्या पुण्यात तरी गावाचं नाव देवनागरीत आणि नीट दिसायला हवं. मोठमोठे डॅशबोर्ड इंग्रजी नावांनी बनतात आणि ग्रामसभेत तसेच लावले जातात. त्यातलं ‘डब्ल्यूएसएस स्टेटस कोड’ कुणाला कळावं? यादीत तिसरा खाना मराठी नावाचा ठेवायला एक दुपार लागते.

पदांची नावंही याच यादीत येतात. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं आहे, ग्रामसेवकाला ग्रामपंचायत अधिकारी. गावात मात्र अजून ‘तलाठी भाऊसाहेब’ हीच हाक आहे. अशा वेळी मी अधिकृत नाव पुढं आणि जुनं नाव कंसात असं सुचवतो, निदान पहिली काही वर्षं.

काही आकडे मात्र लेबलाशिवाय चालतात, कारण ते स्वतःच शब्द झालेले असतात. महसूल खात्याचे गाव नमुने एक ते एकवीस. त्यातला सातवा अधिकार अभिलेखाचा, बारावा पिकांच्या नोंदीचा. दोन्ही एका कागदावर आले आणि ‘सातबारा’ हा शब्द जन्मला. आठ अ म्हणजे खातेदाराचा उतारा. शेतकऱ्याला त्याचं भाषांतर नको असतं. पण या आकड्यांना शब्द व्हायला पिढ्या लागल्या. लग्नाच्या बोलणीपासून कर्जाच्या अर्जापर्यंत ते तोंडात घोळले. कालपरवा तयार झालेल्या सहा आकडी ग्रामकोडाकडून तीच अपेक्षा धरणं अन्यायाचं आहे.

आणि याच सातबारावर हे काम चांगलं कसं करता येतं, हेही दिसतं. २०२० मध्ये सातबाराचं रूप बदललं, तेव्हा गावाच्या नावासोबत त्याचा एलजीडी कोडही छापायचं ठरलं. आज मुळशीतल्या कुठल्याही गावचा संगणकीकृत उतारा काढा. वर गावाचं नाव असतं, मराठीत, आणि त्याच्याशेजारी कंसात कोड. नाव शेतकऱ्यासाठी, कोड यंत्रासाठी. दोघंही एका ओळीत सुखानं नांदतात.

तुम्ही स्वतः रिपोर्ट बनवत असाल, हिंजवडीच्या एखाद्या मजल्यावर बसून किंवा पौडच्या कचेरीत, तर ही एक ओळ नमुना म्हणून डोळ्यांपुढं ठेवा. आणि तुम्ही रिपोर्ट वाचणारे असाल, तर पडद्यावर नावं दिसली एवढ्यावर समाधान मानू नका. समोरच्याला दोन प्रश्न विचारा: ही नावांची यादी कुठली, आणि कुठल्या तारखेची?